सव्वानऊ वाजता

बोर्डाच्या परीक्षा आल्या की बाळकुमच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक वेगळीच शांतता उतरते. मुलं खाली खेळत नाहीत. वॉचमन गेटपाशी कुणाला हॉर्न वाजवू देत नाही. जनरेटरच्या शेडमागे बिल्डरने तोडायचं राहिलेलं एक आंब्याचं झाड आहे. त्याचा मोहोर झडून गेलेला असतो आणि बोराएवढ्या कैऱ्या वाऱ्याने पत्र्यावर पडतात. टप्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टप्. दुपारी खाडीकडून वारा आला तर त्याला चिखलाचा, खारट वास असतो. माझी दहावीची मुलं हॉल तिकिटं प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून मला दाखवायला येतात. "टीचर, फोटो बघा ना, कसला आलाय!" म्हणून हसतात आणि हसता हसता त्यांच्या पोटात गोळा आलेला मला दिसतो.

मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, बावीस वर्षं झाली. हा मोसम मला फार आवडायचा. सगळ्या घरांतून एकच काळजी वाहत असते आणि त्या काळजीत आपला काहीतरी उपयोग आहे असं वाटतं. आता मात्र या दिवसांची मला भीती वाटते. वर्षभर मी बरी असते. मार्चमधलं सकाळचं ऊन ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यांवर येऊन डोळ्यांवर चमकलं, की माझी जीभ कोरडी पडते आणि तळहातांना घाम सुटतो. घड्याळाकडे बघायची गरज नसते. सव्वानऊ वाजलेले असतात.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमच्या विंगमधल्या रूपालीने लिफ्टमध्ये मला तिचा फोन दाखवला. रूपाली माझ्याहून दहा वर्षांनी लहान, घरून काम करणारी, बोलायला गोड. स्क्रीनवर हिरव्या रंगात नफ्याचा एक आकडा होता. "सकाळच्या चहाच्या आत, ताई," ती म्हणाली. "तुमच्यासाठी तर हे एकदम इझी आहे. तुमचं मॅथ्स आहे ना!" चौथ्या मजल्यावर ती उतरली. मी सातव्यावर पोहोचेपर्यंत ते वाक्य माझ्यासोबत वर आलं.

तुमचं मॅथ्स आहे ना. इतक्या वर्षांत हे मला असं कुणी म्हटलं नव्हतं. माझं गणित लोकांच्या मुलांना इंजिनिअर करायचं आणि माझ्या घरात फार तर दूधवाल्याच्या हिशेबाला यायचं.

शेअर घ्यायचे आणि वर्षानुवर्षं सांभाळायचे, तसलं हे नव्हतं. बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. तेवढ्या वेळात निर्देशांक वर जाईल की खाली, यावर पैसे लावायचे. बरोबर ठरलं तर तासाभरात दुप्पट. चुकलं तर दुपारपर्यंत काही उरत नाही. मी फोनवर त्याचं ॲप घेतलं. ते उघडलं की आधी एक सूचना यायची, की यात बहुतेकांचे पैसे जातात. मी ती वाचायचे आणि 'समजलं' वर बोट ठेवून पुढे जायचे. आपण बहुतेकांत मोडत नाही, हे मनात इतकं पक्कं होतं की तसा विचारसुद्धा करावा लागत नव्हता.

पहिल्या दिवशी अकरा मिनिटांत अठराशे रुपये मिळाले. एका मुलाची महिन्याची फी. मी गॅसपाशी उभी होते, एका हातात झारा, एका हातात फोन. फोडणी करपली तरी मला वास आला नाही. तेव्हा आनंद झाला, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. आता नीट आठवलं की वाटतं, आनंद तसा नसतो. घशातून काहीतरी गरम खाली उतरलं आणि ते पोटात पोहोचायच्या आत अजून हवंसं वाटलं.

मी वही केली. आलेख काढले, रेघा मारल्या, तांबड्या पेनाने खुणा केल्या. तीन आठवडे बरंच काही बरोबर येत गेलं. माझा नवरा संजय खोपटच्या बसडेपोत मेकॅनिक आहे. त्याला मी चांगले बूट आणले.

"एवढे महागाचे कुठून आणलेस?" त्याने विचारलं.

"ॲडव्हान्स फी आली दोघांची," मी म्हणाले.

पहिलं खोटं इतकं छोटं होतं की बोलताना जिभेला जाणवलंसुद्धा नाही.

फेब्रुवारीत पैसे जायला लागले. हरल्यावर माणूस थांबत असेल अशी माझी समजूत होती. आम्ही लहानपणी जत्रेत रिंगा टाकायचो, तेव्हा दोन रुपये गेले की बाबा हात धरून ओढत न्यायचे. इथे हात धरायला कुणी नव्हतं. संजय कामावर गेलेला, शिकवणीच्या मुलांना अभ्यासाची सुट्टी, घरात मी आणि तो फोन. गेलेले तेवढे परत आणायचे आणि मग कायमचं बंद, असं मी रोज ठरवायचे. महिनाअखेरपर्यंत माझी शिकवणीची साठवण संपली.

मग मी आईच्या पैशांकडे वळले.

हे लिहिताना अजूनही हात थांबतो. माझी आई डोंबिवलीला मानपाड्यात एकटी राहायची. बाबा तिथल्याच औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांची नखं कधी निळी असायची, कधी हळदीसारखी पिवळी. आज कुठला रंग, ते बघायला मी आणि शेजारची मुलं दारात जमायचो. रंग साबणाने जायचा. खोकला मात्र गेला नाही, तोच त्यांना घेऊन गेला. त्यांच्यामागे कंपनीकडून आले ते आणि त्यांनी साठवले होते ते, असे सगळे पैसे आईने बँकेत ठेवीत टाकले, दुसरं नाव माझं लावलं आणि म्हणाली, "ते फोनवरचं मला काही जमायचं नाही. तूच बघत जा."

ठेव मोडायची तर बँकेचा नंबर आईच्या मोबाइलवर जायचा. मी फोन केला. "आई, आत्ता एक मेसेज आला असेल बघ. सहा आकडे आहेत, वाच जरा."

"थांब हं. चष्मा आणते."

फोन तिने टेबलावर ठेवला. चपलांचा सरकता आवाज, कपाटाचं दार, मागे कुणाच्या तरी घरी लागलेला रेडिओ. मी डोळे मिटून उभी होते. ती परत आली.

"हं. चार... सात... परत सात... हा शून्य आहे का सहा गं? थांब... शून्य. मग दोन. मग नऊ."

फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीसारखी ती एकेक आकडा जपून वाचत होती. "आलं का बरोबर?"

"आलं, आई."

"बरं. आज भाजी काय केलीस?"

हा नंबर कुणालाही सांगू नका, असं त्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. आई सगळं अक्षर न् अक्षर वाचते, तेही तिने वाचलं असणार. पण मी 'कुणीही' नव्हते.

असं मी तीनदा केलं. तिसऱ्या वेळी तिने चष्मा आधीच लावलेला होता.

त्या मार्चमधल्या सकाळी मला आवाजांतून आठवतात. कुकरची शिट्टी झाली की छाती धडधडायची. संजयच्या बाइकचा आवाज गेटबाहेर विरेपर्यंत मी खिडकीत थांबायचे. नऊ वाजल्यापासून पाच-पाच मिनिटांनी बाथरूमला जायचे. सव्वानऊला पडद्यावरचे आकडे थरथरायला लागायचे, आणि मग सहा तास मी घरात कुठेही असले तरी घरात नसायचे. पोळी तव्यावर काळी व्हायची. दाराची बेल वाजली तर दचकायचे. रात्री जेवताना संजय काही बोलला की मी मान हलवायची, आणि त्याने प्रश्न विचारला होता हे मागाहून कळायचं.

"तुला बरं नाहीये का?" तो म्हणायचा.

"परीक्षा आहेत रे मुलांच्या."

बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी तन्वी आली. हुशार मुलगी, पण शंका फार. मी आधीच तीन दिवस सलग हरले होते आणि त्या सकाळी आईचे उरलेले सगळे पैसे एकाच बाजूला लावले होते. निर्देशांक वर जाईल यावर. तीन दिवस पडलाय, म्हणजे आज चढणारच. फोन सोफ्याच्या उशीखाली पालथा ठेवला होता.

तन्वीने वही उघडली. "टीचर, हे संभाव्यतेचं बघा. नाणं पाच वेळा उडवलं आणि पाचही वेळा छापा आला. मग सहाव्यांदा काटा यायचा चान्स जास्त ना? आता तरी यायलाच पाहिजे ना?"

"नाही," मी म्हणाले. दर वर्षी म्हणते तसंच. "नाण्याला मागचं काही आठवत नाही, बाळा. प्रत्येक वेळी अर्धा-अर्धाच चान्स."

वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मग मला ते ऐकू आलं. मी माझ्याच आवाजाकडे बघत राहिले, बघण्यासारखं काही असल्यासारखी. तन्वीच्या वहीवर मी लिहीत होते ते उत्तर वाकडं व्हायला लागलं.

"टीचर, तुमचा हात..." ती म्हणाली.

"पंखा जोरात आहे," मी म्हणाले. पंखा बंद होता.

ती गेल्यावर उशी उचलली. निम्मे गेले होते. ठरावीक तोट्यापुढे सौदा आपोआप तुटावा म्हणून एक मर्यादा लावून ठेवता येते. मी ती सकाळी लावली होती. भाव त्या मर्यादेजवळ यायला लागला, तेव्हा मी ती काढून टाकली. हे मी स्वतःच्या बोटाने केलं, कुणी सांगितलं नव्हतं. थोडं थांबलं तर वर येईल, असं वाटलं. मी जमिनीवर बसले, पाठ सोफ्याला टेकून. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. पत्र्यावर कैऱ्या पडत होत्या. बारा वाजले, दोन वाजले. मला पाणी प्यायचं होतं, पण नजर हटवली तर तेवढ्यात सगळं जाईल या भीतीने मी उठले नाही. मी बघत होते तरी ते गेलं. साडेतीनला आकडे हलायचे थांबले. बाबांच्या पैशांतलं जे उरलं होतं त्यात एक बऱ्यापैकी फ्रिज आला असता.

मग मी उठले आणि संध्याकाळचे पोहे भिजवले. ही गोष्ट मला अजून कळलेली नाही. मी कांदा चिरला, तोही बारीक.

एकोणीस दिवस मी कुणाला काही बोलले नाही. आईचा फोन आला की तो वाजून वाजून बंद होईपर्यंत मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. गॅलरीत कपडे वाळत घालायची मला भीती वाटू लागली. सातवा मजला आहे. त्याबद्दल एवढंच लिहिते. मी कपडे खुर्च्यांवर, दारांवर वाळत टाकायला लागले.

विसाव्या दिवशी मी फोन घेतला. आईचा आवाज घाबरलेला होता. "अगं, खाली पालिकेची नोटीस लावलीय. बिल्डिंग धोकादायक झाली म्हणे. पावसाआधी रिकामी करा म्हणतात. सगळे भाड्याचं घर शोधतायत, डिपॉझिट भरायला लागणार. आपण ठेवीतले थोडे मोडू या का गं? बाबा असते तर नको म्हणाले असते, पण आता काय करणार?"

संध्याकाळी संजय दारात बूट काढत होता तेव्हा मी सांगितलं. आणखी एक मिनिट थांबले असते तर सांगूच शकले नसते.

"किती?" त्याने विचारलं.

"सगळे."

"आपले?"

"आपले. आणि आईचे."

तो खालीच बसला. एक बूट पायात, एक हातात. बराच वेळ त्या बुटाकडे बघत होता. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. शेवटी म्हणाला, "गाडी डेपोत शिरताना नुसत्या आवाजावरून मला कळतं, काय बिघडलंय. आणि माझ्या घरात तीन महिने..." मग त्याची नजर खुर्च्यांवरच्या ओल्या कपड्यांकडे गेली. तिथून बंद गॅलरीकडे. मग माझ्याकडे. तो उठला, गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्याला न सांगता कळलं होतं.

रविवारी आम्ही मानपाड्याला गेलो. शिळफाट्यापर्यंत बाइकवर मी त्याच्या शर्टाला धरून होते, लहान मुलीसारखी. आईच्या जिन्यात इंजिनिअरने भिंतीच्या भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली होती. भेग वाढली तर काच तडकते, म्हणजे कळतं. काच तडकलेली होती. वर आई वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत बसली होती.

मी सांगितलं. ती ऐकत होती, हातातली बशी तशीच.

"म्हणजे चोरीला गेले?"

"नाही, आई."

"कुणी फसवलं का तुला? फोन करून फसवतात म्हणे हल्ली."

"नाही. कुणी नाही. मी घालवले."

ती मला एकेक दार उघडून देत होती आणि प्रत्येक दार मलाच लावून घ्यावं लागत होतं. तिने बशी खाली ठेवली. "ते पैसे नव्हते गं," ती म्हणाली. "त्यांची छाती होती ती." मग अगदी हळू, "आणि ते आकडे मीच वाचून दाखवले ना तुला? म्हणजे मीच दिले."

"नाही, आई, तू नाही—"

"मीच दिले," ती म्हणाली. आणि पुन्हा कपबश्या गुंडाळायला लागली. त्या वाक्यातून तिला बाहेर काढायला मी आजवर धडपडते आहे.

मे महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली. दुसरी सोय उरली नव्हती. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. "संजय, तिला म्हणावं, आमटीत मीठ कमी आहे," असं मी समोर असताना म्हणायची. संजय जादा पाळ्या करायला लागला. एकदा लिफ्टमध्ये रूपाली भेटली. खूप वाळली होती, घर भाड्याने देऊन सासरी चालली होती. चौथा मजला आला तरी ती बाहेर पडेना. "ताई," ती म्हणाली, "मी तुम्हाला फक्त हिरवे दिवस दाखवायची. तोट्याचे नाही." दार आपोआप बंद व्हायला लागलं, तेव्हा तिने हाताने अडवलं आणि गेली.

मी ॲप काढून टाकलं. लोकांना वाटतं, तिथे गोष्ट संपते. ते परत चालू करायला तीन मिनिटं लागतात, हे मला माहीत आहे. सकाळी हात आपोआप फोनकडे जातो. बाजार काय करतोय हे नुसतं बघायचं असतं, नुसतं बघायचं. गेलेल्या पैशांची आता तितकी भीती वाटत नाही. भीती या हाताची वाटते. तो माझाच आहे आणि माझं ऐकेल याची खात्री नाही.

त्या पावसाळ्यात आई बोलायला लागली, तेही कामापुरतं. रोज सकाळी तिला माझी काहीतरी गरज पडायची. "जरा ही चादर धर, घडी करू." "सुईत दोरा घाल." "माळ्यावरचा डबा काढून दे." मग डबा पुसायचा, मग तो परत वर ठेवायचा. मी आत कुढायचे, की एवढी कामं आधी कोण करत होतं हिची? बरेच आठवडे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, शनिवारी-रविवारी ती मला हाक मारत नाही. त्या दिवशी मी संजयला विचारलं.

तो म्हणाला, "आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलेलं, तो बाजार उघडतो किती वाजता? आणि बंद कधी असतो?"

मी आईला यातलं काही बोलले नाही. तीही बोलली नाही. चादरींच्या घड्या होत राहिल्या.

परवा शनिवारी ती कल्याणला मावशीकडे गेली, चार दिवसांसाठी. मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. आज सोमवार. शिकवणीची मुलं परीक्षेला गेलेली, संजय कामावर. ऊन डब्यांवर आलं. घरात कुणी नव्हतं आणि कुणी हाक मारणार नव्हतं. फोन टेबलावर होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, मग टेबलापाशी, मग फोन हातात होता. तो मी कधी उचलला ते मला आठवत नाही. मी आईचा नंबर लावला.

"काय गं?" मागे मावशीचा टीव्ही चालू होता.

"आई," मी म्हणाले. "काहीतरी काम सांग."

मग टीव्हीचा आवाज थांबला.

"तूरडाळीचा डबा काढ," ती म्हणाली. "ताटात ओत. निवडायला बस."

"निवडलेलीच आहे गं ती."

"परत निवड. सावकाश. मी आहे फोनवर."